मेदाच्या घरी कृशतेची नावे

मेदऊती ही केवळ ऊर्जेची कोठी नसून संप्रेरके स्रवणारी ग्रंथीही आहे, हे आता सर्वमान्य असले, तरी तिच्या दोन प्रमुख द्रव्यांची नावे स्थूलतेवरून नव्हे, तर कृशतेवरून पडली, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

पहिले द्रव्य लेप्टिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 साली त्याचे जनुक शोधले. भूक आवरणाऱ्या या संप्रेरकाचे नाव ऐकताच ते ‘लिपिड’च्या कुळातले वाटते, परंतु ही व्युत्पत्ती टिकत नाही. चरबीवाचक ग्रीक ‘लिपोस’ हा संस्कृत ‘लिप्’ धातूचा सगोत्र असून मराठीतील लिंपणे आणि लेप हे शब्द त्याच घराण्यातले आहेत. लेप्टिनचा ‘लेप्टोस’ मात्र सोलणे या अर्थाच्या वेगळ्या धातूपासून आलेला असून सोललेले, म्हणून पातळ, म्हणून सडपातळ असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘मेद’ शब्दाच्या मुळाशी स्निग्धतावाचक ‘मिद्’ धातू आहे आणि ‘चरबी’ फारसीतून आली. म्हणजे ऊतीची नावे स्निग्धतेची, तर तिच्या संदेशवाहकाचे नाव कृशतेचे.

दुसऱ्या द्रव्याची कथा अधिक विलक्षण आहे. संसर्गाने खंगत जाणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करताना अँथनी सेरामी यांना जे द्रव्य आढळले, त्याला शरीर झिजण्याच्या अवस्थेवरून ‘कॅकेक्टिन’ म्हटले गेले आणि 1985 साली ते अर्बुदे नष्ट करणाऱ्या टीएनएफ या द्रव्याहून भिन्न नाही, असे सिद्ध झाले. पुढे 1993 साली गोखान होतामिस्लिगिल व ब्रूस स्पीगेलमन यांनी हेच झिजवणारे द्रव्य लठ्ठ उंदरांच्या मेदऊतीत वाढलेले दाखवले. तेथे ते पेशीतील इन्शुलिनच्या संदेशाची साखळी अडवते, परिणामी इन्शुलिन असूनही साखर पेशीत नीट शिरत नाही. यालाच इन्शुलिन-रोध म्हणतात.

एकच द्रव्य झिजवते आणि स्थूलांतही आढळते, या विसंगतीचा उलगडा मात्रेत आणि कालावधीत असावा: संसर्गात ते रक्तात उसळते, तर फुगलेल्या मेदात मंद दाहाच्या रूपाने वर्षानुवर्षे धुमसत राहते. या मांडणीला दोन अडथळे आहेत. 2003 साली असे दिसले की, मेदऊतीतील टीएनएफचा बराच भाग मेदपेशी नव्हे, तर तेथे जमलेल्या भक्षक पेशी निर्माण करतात. शिवाय 1996 च्या एका चाचणीत टीएनएफ रोखूनही मधुमेहींचा इन्शुलिन-रोध कमी झाला नाही. त्यामुळे टीएनएफ हा एकटा सूत्रधार नव्हे, हे मान्य करावे लागते. दाहाची भूमिका मात्र त्यामुळे रद्द होत नाही.

कृशता आणि मेद यांची हीच सांगड महाराष्ट्रात देहरूपाने दिसली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, दोघांचा देहभार निर्देशांक 22.3 असूनही शरीरातील मेद युडकिन यांचा 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचा 21.2 टक्के होता. याच युडकिन यांनी 1999 साली रक्तातील दाहदर्शक प्रथिनाचा उगम मेदऊतीच्या संदेशद्रव्यांत असावा, असे सुचवले होते.

चरकसंहितेत प्रमेही दोन सांगितले आहेत, एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. यातील कृश प्रमेही म्हणजे आजचा टाइप 1 मधुमेही, असा अर्थ अनेकदा लावला जातो. पुण्याचा पुरावा त्यांच्या शेजारी तिसरा उभा करतो: बाहेरून कृश, आतून मेदस्वी. आयुर्वेद व आधुनिक वैद्यक या दोन्ही शाखा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तेव्हा या तिसऱ्या रुग्णाची ओळख दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सारखीच करून दिली जावी. वाचकांनीही केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. भारतीय पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरपलीकडे गेली, तर सडपातळ दिसणाऱ्या देहातही रक्तातील साखर तपासून घ्यावी.