ममदापूरला काळवीट पाहायला जाताय? आधी हे वाचून घ्या

नाशिक जिल्ह्यात काळवीट पाहायचं म्हटलं की पहिलं नाव येतं येवला तालुक्यातल्या ममदापूरचं. तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागातल्या ममदापूर, राजापूर आणि आसपासच्या गावांच्या माळरानावर काळविटांचे कळप मोकळे फिरतात. इथं पिंजरा नाही, सफारीही नाही. माळ, शेतं आणि वस्त्या सगळं एकमेकांना लागून आहे. त्यामुळे इथली सहल थोडी वेगळ्या तयारीनं करावी लागते.

हे पडीक रान नाही

डोंगराळ इगतपुरी-त्र्यंबकच्या मानानं येवल्यात पाऊस खूपच कमी. अशा भागात दाट जंगल वाढत नाही. गवत आणि मधूनमधून बाभूळ, हिवर, बोर असंच रान असतं. आफ्रिकेतला सव्हाना म्हणतात तो याच जातकुळीतला. काळविटाला हेच लागतं, कारण लपण्यापेक्षा लांबून धोका ओळखून पळणं हा त्याचा बचाव. तो ताशी ७० ते ८० किलोमीटर वेगानं धावू शकतो. दाट झाडीत या वेगाचा उपयोग नाही. माळ नांगरला गेला किंवा तिथं दाट झाडं लावली, तर काळविटाचं घरच जातं.

म्हणूनच २०१४ मध्ये सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्राला ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना कायद्यानं जागा आहे.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. हवा थंड असते, गवत पिवळं पडलेलं असतं आणि कळप लांबूनही दिसतो. पावसाळ्याच्या शेवटी माळ हिरवागार दिसतो, पण वाटा चिखलाच्या असतात, गाडी रुतू शकते. एप्रिल-मे शक्यतो टाळा. त्या दिवसांत जनावरं पाण्यासाठी वणवण करतात. पाणवठ्याजवळ माणसं थांबली की काळवीट पाणी न पिताच माघारी फिरतं.

दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळचे पहिले दोन तास किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी कळप सावलीला बसलेला असतो.

कसं जावं?

नाशिकहून निफाड, विंचूरमार्गे येवला साधारण ८५ किलोमीटर. तिथून नांदगाव रस्त्यानं राजापूरकडे जायचं आणि पुढे ममदापूर. येवल्यापासून पाऊण तास तरी धरा. सकाळी लवकर पोहोचायचं तर नाशिकमधून पहाटे साडेचारला निघावं लागतं, नाहीतर आदल्या रात्री येवल्यात मुक्काम करावा. रेल्वेनं येणाऱ्यांना मनमाड जंक्शन सोयीचं.

निघण्याआधी येवल्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. प्रवेशाची वेळ, शुल्क, गाडी कुठवर न्यायची हे त्यांच्याकडूनच पक्कं करून घ्या. सोबत पाणी, डबा, टोपी घ्या. दुर्बीण असेल तर उत्तमच.

काय पाहाल?

पाठ काळी, पोट पांढरं आणि डोक्यावर पीळदार शिंगं, तो नर. माद्या आणि कोवळे नर फिकट तपकिरी. माद्यांना सहसा शिंगं नसतात. लांडगा, कोल्हा, तरस, खोकड हेही माळरानाचेच रहिवासी, पण ते दिसणं नशिबावर. मोर आणि ससे त्यामानानं लवकर दिसतात.

हे मात्र करू नका

• मोबाइलवर व्हिडिओ हवा म्हणून दुचाकी कळपामागे घालू नका. बिथरलेलं काळवीट रस्त्यावर येतं, नाहीतर बिनकठड्याच्या विहिरीत पडतं. कळपापासून फुटलेलं पिल्लू कुत्र्यांच्या तावडीत सापडतं.

• गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते, ती परत येते. माणसानं उचललं तर माय-लेकराची ताटातूट होते.

• उरलेलं अन्न फेकू नका, त्यानं मोकाट कुत्री जमतात. बिडी-सिगारेट, चूल तर नकोच. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

• उभ्या पिकातून जाऊ नका. काळविटं मका, मूग, हरभरा खातात, तो भार इथला शेतकरी आधीच सोसतो. पाहुण्यांनी त्यात भर घालू नये.

काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केल्यास ३ ते ७ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो.

जखमी जनावर दिसलं तर

गर्दी करू नका, पाणी पाजायला धरू नका. माणसांच्या भीतीनंच ते दगावू शकतं. कुत्री लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. गाव, शिवार, जवळची खूण नीट सांगा. पिकाचं नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनीही लगेच फोटो काढून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवावं.

एका दिवसात आणखी काय?

सकाळी ममदापूर झालं की येवल्यात पैठणीचे माग आणि मुक्तिभूमी पाहता येते. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती येवल्यातच. हिवाळ्यात परतताना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठा. २०२० मध्ये जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. तिथले पक्षी पाहायला दुपारी चारनंतरची वेळ चांगली. मात्र माळावरून अंधार पडायच्या आत निघा आणि नांदगाव रस्त्यावर गाडी हळू चालवा. हा रस्ता काळविटंही ओलांडतात.