नक्षी एकदा कोरायची की हजारदा?

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस संगणकातल्या नक्षीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

घरच्या एका कार्याची पत्रिका करायची होती. नातीनं मला इंकस्केप हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर शिकवलं. मी एक कोयरी काढली, तिचं पॅटर्न केलं आणि पत्रिकेच्या चौकटीत भरलं. क्षणात शेकडो कोयऱ्या! पण सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि उजव्या कडेच्या अर्ध्या कापलेल्या. शिवाय मूळ कोयरीच्या देठाशी माझा हात हलला होता. तो हललेला हात आता शेकडो ठिकाणी दिसत होता.

नात म्हणाली, "आजोबा, चौकट ही नुसती खिडकी आहे. नक्षी तिच्यामागे पसरलेलीच असते."

या वाक्यानं मला थेट मिरजेला नेलं. आपल्या मेणवलीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या नाना फडणविसांच्या काळात पुण्यात चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्या पुढाकारानं एक तांबट ताम्रपटावर उलटी अक्षरं कोरायला शिकला. भगवद्गीता छापायचा बेत ठरला, पण 1800 मध्ये नाना गेले. पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानं 1805 मध्ये गीता छापली गेली. आता विचार करा, त्यात सुटे खिळे नव्हते. 'श्रीभगवानुवाच' जितक्या वेळा येतं, तितक्या वेळा ते नव्यानं कोरायचं. एका पटावर चूक झाली तर ती तिथेच राहणार, पण प्रत्येक अक्षरामागे माणसाचं लक्षही असणार.

पुढे खिळ्यांची छपाई आपल्याकडे रुळली. मुंबईत जावजी दादाजींचं निर्णयसागर नावारूपाला आलं. अक्षराचा साचा एकदा घडवायचा, खिळे त्यातून हवे तितके ओतायचे. संगणकानं हेच नक्षीला लावलं. 1984 च्या मॅकिंटॉशवर मॅकपेंटमध्ये आठ बाय आठ ठिपक्यांचा एक तुकडा असे. तोच पुन्हा पुन्हा मांडून आकृती भरायची. इंकस्केप ज्या एसव्हीजी पद्धतीनं चित्र साठवतं, तिच्यात तर नक्षी एकदाच लिहितात आणि तिला नाव देतात. प्रत्येक आकृती फक्त त्या नावाकडे बोट दाखवते.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, क्षमा करा. न्याय-वैशेषिकांचं 'सामान्य' असंच नाही का? गोत्व एक, गाई अनेक. फरक एवढाच की त्यांचं सामान्य नित्य आहे, ते कुणाला दुरुस्त करता येत नाही. आमची कोयरी मात्र मुळात सुधारली की सगळीकडे सुधारते, आणि मुळात बिघडली की सगळीकडे बिघडते.

चिकटलेल्या कोयऱ्यांचा उपायही त्याच दर्शनात सापडला, बरं का! पॅटर्न करण्याआधी कोयरीभोवती एक चौकोन ठेवायचा, त्याला ना रंग ना रेघ. मग कोयरीसोबत मोकळी जागाही मोजली जाते. वैशेषिकांनी अभावाला पदार्थ का मानलं, हे मला सत्तरीनंतर डोळ्यांनी दिसलं! आणि चौकटीची रुंदी त्या चौकोनाच्या पूर्ण पटीत घेतली, नक्षीची सुरुवात चौकटीच्या कोपऱ्याशी जुळवली, की कडेची कोयरी कापली जात नाही.

तेव्हा श्रम वाचले म्हणून जबाबदारी संपली, असं समजू नका. तांबटाची जबाबदारी हजार जागी विभागलेली होती, आपली एका तुकड्यात गोळा झाली आहे. आज अर्जाचा नमुना, पाठ्यपुस्तकाचं पान, सरकारी परिपत्रक, सगळं एकदा घडतं आणि लाखो ठिकाणी भरलं जातं. तो पहिला तुकडा घडवणाऱ्यानं तांबटाइतकंच लक्ष द्यायला हवं.

पत्रिका वेळेत छापली. देठ मात्र मी पुन्हा काढला, सावकाश.