राखणदार आणि इतिहासकार

इतिहासाचें एक मोठें व्यंग असें आहे कीं, जें घडलें तेंच त्यास दिसतें. जें कोणाच्या तरी दक्षतेमुळें घडलें नाहीं, तें त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. किल्ला पडला म्हणजे किल्लेदाराचें नांव बखरींत येतें. परंतु ज्याच्या सावधपणामुळें शत्रूनें वेढा घालण्याचें मनांतही आणलें नाहीं, तो किल्लेदार कायमचा निनांवी राहतो. आमच्या बारामती-इंदापूर भागांतील वाचकांस याहून घरगुती दाखला हवा असेल, तर तो नीरेच्या डाव्या कालव्याचा आहे. पाळीप्रमाणें पाणी शेतांत पोंचलें तर पाटकऱ्याचें नांव कोणी काढीत नाहीं. भराव फुटला कीं मात्र तें गांवोगांव होतें. इंदापूरच्या लढाईंत मालोजीराजे पडले अशी परंपरा आहे, म्हणून इंदापूर त्यांचें स्मरण करतें. तेथील गढीचे दरवाजे ज्यांनीं रात्रंदिवस राखले, त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत?

फुटबॉलच्या खेळांत बचावपटूची दशा नेमकी अशीच आहे. आमच्या तालुक्यांचें मन कुस्तींत आणि कबड्डींत अधिक रमतें. म्हणून कबड्डीच्याच भाषेंत सांगावयाचें तर, चढाई करणाऱ्याचे गुण फळ्यावर मांडले जातात, पण कोपऱ्यावरच्या गड्याच्या धाकानें जी चढाई हात न लावतां परत फिरली, ती कोठें मांडावयाची? हा प्रश्न केवळ खेळाचा नसून इतिहासलेखनाचा आहे, असें आम्हांस वाटतें. त्याचा विचार करण्यासाठीं एका समकालीन मराठी बचावपटूची कारकीर्द आम्ही येथें घेतों. ती म्हणजे श्री. राहुल भेके यांची होय.

श्री. भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजीं मुंबईंत झाला. मुंबई एफ. सी. या संघांतून ते व्यावसायिक फुटबॉलांत पुढें आले, आणि तेथून कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल या १९२० सालीं स्थापन झालेल्या मातबर संघांत गेले. त्याच काळांत २०१५ सालीं केरळ ब्लास्टर्सकडून व २०१६ सालीं पुणें सिटीकडून ते इंडियन सुपर लीगमध्यें खेळले. २०१७ सालीं ते बंगळूर एफ. सी.मध्यें दाखल झाले. १७ मार्च १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या १७ मार्च २०१९ या दिवशीं मुंबईंत गोवा संघाविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यांत नव्वद मिनिटांत गोल झाला नाहीं. जादा वेळही सरत आला. तेव्हां ११७ व्या मिनिटास कॉर्नर किकवर भेके यांनीं डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला आणि बंगळूरास प्रथमच ती स्पर्धा जिंकून दिली.

२०२१ सालीं ते मुंबई सिटीकडे आले. ११ एप्रिल २०२२ रोजीं आशियाई चॅम्पियन्स लीगमध्यें या संघानें इराकच्या अल-कुवा अल-जविया संघास २-१ असें हरविलें. त्या स्पर्धेंत भारतीय संघानें मिळविलेला हा पहिलाच विजय. आणि निर्णायक गोल पुन्हां भेके यांच्याच डोक्याचा. ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्यास मोहन बागानवर ३-१ असा विजय मिळवून मुंबई सिटीनें सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हां कर्णधार भेके होते. त्या संघाचे प्रशिक्षक पेत्र क्रात्की हे चेक गृहस्थ. त्याच वर्षीं भेके पुन्हां बंगळूरास गेले.

या चेक प्रशिक्षकावरून एक तुलना सहज सुचते. प्रागमधील स्लाव्हिया ही संस्था १८९२ ची आणि स्पार्टा १८९३ ची. मधल्या काळांत साम्राज्य मोडलें, दोन महायुद्धें झालीं, राज्यपद्धती बदलल्या, चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. पण हे दोन्ही संघ आजही खेळत आहेत. १९३४ व १९६२ सालीं चेकोस्लोव्हाकिया विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, त्यामागें असा दीर्घकाळ टिकलेला आधार होता. आतां आमच्याकडे पाहा. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ ची, म्हणजे त्या दोन्ही संस्थांहून जुनी. ती आज बंद आहे. २००७ सालीं निघालेला मुंबई एफ. सी. २०१७ सालीं आय-लीगच्या तळास गेला व त्यानंतर मिटला. २०१४ सालीं निघालेला पुणें सिटी २०१९ सालीं विसर्जित झाला. २०२५ सालीं तर सुपर लीगचा हंगाम नेहमींच्या महिन्यांत सुरूच होऊं शकला नाहीं. प्रागमध्यें खेळाडू येतात आणि जातात, संस्था राहते. आमच्या प्रांतांत संस्था येतात आणि जातात, खेळाडू मागें उरतो.

हा देशाचा किंवा लोकस्वभावाचा दोष आहे, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. मोहन बागान १८८९ पासून उभा आहे. कोल्हापुरांत पाटाकडील तालमीसारख्या तालमींनींच फुटबॉलचे संघ पोसले, आणि ते पेठेच्या अभिमानावर चालतात. ज्या संघाच्या मागें वस्ती असते, तो हरला तरी मरत नाहीं. ज्याच्या मागें केवळ भांडवल असतें, तो भांडवलदाराचा उत्साह ओसरला कीं संपतो. बारामतीकरांस हें नव्यानें सांगावयास नको. मोरोपंतांस (१७२९–१७९४) येथें नाईकांचा आश्रय दीर्घकाळ लाभला, म्हणूनच त्यांच्या हातून एवढी प्रचंड रचना झाली. दर दोन वर्षांनीं नवा आश्रयदाता शोधावा लागता, तर पंतांची प्रतिभा तीच असूनही पंत हे पंत झाले असते काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. श्री. भेके यांनीं भारताच्या संघांत ५ जून २०१९ रोजीं थायलंडमध्यें कुरासावविरुद्ध पदार्पण केलें. तो सामना भारतानें १-३ असा गमावला. त्याच वर्षीं १० सप्टेंबर रोजीं दोहा येथें कतारशीं गांठ पडली. कतार तेव्हां आशियाचा विजेता होता. भारतानें सामना ०-० असा बरोबरींत सोडविला. बचावाच्या फळींत भेके होते. त्या दिवशीं त्यांनीं किती वेळां वाट अडविली, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. उरलें तें एक शून्य. ३ जून २०२१ रोजीं त्याच शहरीं त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १७ व्या मिनिटास दुसरें पिवळें कार्ड मिळून ते मैदानाबाहेर गेले, आणि भारत ०-१ असा हरला. हें मिनिट मात्र सर्वांस पाठ आहे! एकाच मनुष्याच्या नव्वद मिनिटांची नोंद नाहीं आणि सतराव्या मिनिटाची आहे. कालवा वाहत होता तेव्हां कोणी पाहिलें नाहीं. भराव फुटला तेव्हां सारा गांव जमला.

कीर्तीच्या बाबतींतही हाच न्याय. १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं मलेशियाविरुद्ध बरोबरी साधणारा आणि १९ मार्च २०२५ रोजीं मालदीवविरुद्ध पहिला, असे दोन गोल त्यांनीं देशासाठीं केले. दोन्ही कॉर्नर किकवर, दोन्ही डोक्यानें. म्हणजे राखणदार आपली चौकी सोडून शत्रूच्या दारांत गेला, तेवढ्याच क्षणांसाठीं लोक त्यास ओळखतात. उलट २०२४ च्या आरंभीं कतारमध्यें झालेल्या आशियाई चषकांत भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करूं शकला नाहीं. पण पराभवाचा हिशेब विचारतांना बोट प्रथम बचावाकडे गेलें. ज्या घरांत धान्यच आलें नाहीं, त्याच्या पहारेकऱ्यास कोठाराबद्दल जाब विचारण्यासारखेंच हें आहे.

यावरून आम्हीं जो निष्कर्ष काढतों तो साधा आहे. इतिहासकारानें प्रसंगांबरोबर स्वस्थतेचाही शोध घेतला पाहिजे. जेथें कांहीं बिघडलें नाहीं, तेथें कोण उभें होतें, हें विचारलें पाहिजे. आणि समाजानें, विशेषतः आमच्यासारख्या तालुक्यांनीं, खेळाडूची वाहवा करण्यापूर्वीं त्याच्या पाठीशीं टिकणारी संस्था उभी करावी. भेके यांच्यासारख्यांस टाळ्या पुष्कळ मिळाल्या. पण ज्या संघांत ते घडले, त्यांपैकीं मुंबईचा पहिला संघ आणि पुण्याचा संघ आज पाहावयासही मिळत नाहींत. राखणदारानें आपलें काम केलें. राखण्याजोगें घर टिकविणें हें मात्र त्याचें काम नव्हतें. तें आपलें होतें.