पास, नापास आणि गैरहजर

शाळेच्या गुणपत्रिकेत एक शहाणपण असतं. ज्याने पेपर दिलाच नाही त्याच्यापुढे 'गैरहजर' लिहितात. शून्यही लिहीत नाहीत आणि पस्तीसही नाही. प्रोग्राम तपासणाऱ्या प्रोग्राम्सना हे शहाणपण यायला फार वेळ लागला.

युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या एका छोट्या भागाची परीक्षा घेणारा दुसरा कोड. केंट बेक यांनी 1994मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी अशा परीक्षांची चौकट मांडली. 1997मध्ये बेक आणि एरिक गॅमा यांनी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसून तीच कल्पना जावात उतरवली. ते जेयुनिट. पुढच्या कितीतरी लायब्रऱ्या याच घराण्यातल्या. या घराण्याची शिस्त सोपी: पट्टी हिरवी किंवा लाल.

पण टेस्टला डेटाबेस लागतो आणि ती चालते त्या मशीनवर डेटाबेसच नाही, असं झालं तर? नापास म्हणावं तर कोडचा दोष नाही. शिवाय विनाकारण रोज लाल पट्टी दिसू लागली की लोक तिच्याकडे बघणंच सोडतात. म्हणून प्रोग्रामर टेस्टच्या पहिल्याच ओळीत 'डेटाबेस नसेल तर परत फिर' असं लिहून मोकळे होत. टेस्ट काहीही न तपासता संपे आणि लायब्ररी तिला पास करून टाके. वर्गात नसलेल्या मुलाची मित्राने हजेरी लावावी, तसा हा प्रकार.

2006च्या जेयुनिट 4मध्ये 'इग्नोर' ही चिठ्ठी आली. ती लावलेली टेस्ट चालत नाही, आणि चालली नाही अशी वेगळी नोंदही होते. पण चिठ्ठी लावायची कोड लिहिताना. सी-शार्पमध्ये तर अशा चिठ्ठीतला मजकूर कंपाइल होतानाच पक्का असावा लागतो. समोरचा सर्व्हर या क्षणी चालू आहे का, हे मात्र टेस्ट सुरू झाल्यावरच कळतं. 'मला वगळा' असं चालू टेस्टलाच सांगता यायला हवं होतं.

पर्लवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. 1987च्या पहिल्या पर्लसोबतच 'ओके', 'नॉट ओके' असं छापणाऱ्या टेस्ट आल्या होत्या. 2001च्या सुमारास मायकेल श्वर्न यांच्या 'टेस्ट मोर'मध्ये, चालू टेस्टमधून काही तपासण्या कारण देऊन वगळायची सोय झाली. तरी वगळलेल्या तपासणीची ओळही 'ओके'नेच सुरू होई. 'स्किप' हा शब्द आणि कारण त्यापुढे. ओळीची फक्त सुरुवात वाचणाऱ्याला सगळं आलबेल वाटे.

जेयुनिट 4.4मध्ये, 2007 साली, 'अझ्यूम' आलं. युक्ती साधी आहे. टेस्ट नापास होते तेव्हा एक एक्सेप्शन फेकलं जातं. इथे गृहीतक खोटं निघालं की वेगळ्या जातीचं एक्सेप्शन फेकायचं आणि लायब्ररीने ते ओळखायचं. पण त्या पहिल्या आवृत्तीत अशी टेस्ट चक्क पास धरली जाई, आणि पुढे हे बदलू शकेल असं सोबतच्या टिपणात नमूद होतं. पुढे ते बदललंही.

बाकीचे सावकाश आले. पायथनच्या युनिटटेस्टमध्ये ही सोय 2009च्या 3.1पासून, तिथे वगळलेल्यांची संख्या वेगळी छापतात. गोमध्ये 2013, गूगलटेस्टमध्ये 2019. एक्सयुनिट डॉट नेटमध्ये ती थेट डिसेंबर 2024च्या तिसऱ्या आवृत्तीत स्थिरावली. तोवर लोक बाहेरचं पॅकेज जोडून काम भागवत.

सोय आली तरी प्रश्न संपला नाही. 2023च्या पायथन 3.12मध्ये ठरलं की एकही टेस्ट चालली नाही, तर शेवटी धोक्याचा आकडा द्यायचा. मग सगळ्याच टेस्ट वगळल्या गेल्या असतील तर? टेस्ट सापडल्या तर होत्या, असं म्हणत त्यांना थोड्याच दिवसांत यातून सूट मिळाली. म्हणजे अख्खा वर्ग गैरहजर असला तरी निकाल हिरवाच.

लायब्ररी आता खोटी हजेरी लावत नाही. गैरहजर किती आणि का, हे सांगते. पण तो आकडा पट्टीच्या रंगात दिसत नाही. तो वाचावा लागतो. डेटाबेसच्या सगळ्या टेस्ट सहा महिने वगळल्या जात असतील, तर त्या सहा महिन्यांत डेटाबेसचा कोड कुणीही तपासलेला नसतो, आणि पट्टी रोज हिरवी असते.