तळटीप : ‘खंडणीतून बायकांना सूट’

* खंडणीतून बायकांना सूट : पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो (कारकीर्द १५६९–८१) याने खंडणी १८ ते ५० वर्षांच्या मूळनिवासी पुरुषांवर बसवली. पोतोसीच्या चांदीच्या खाणींतली ‘मिता’ ही सक्तीची पाळीही त्यांच्याच नावावर लागे. मूळ लेखकाचे विधान त्यामुळे कागदोपत्री खरे आहे. पण तेवढ्यावर थांबणे त्या बायकांवर अन्याय ठरेल. खंडणीचा काही भाग कापडाच्या रूपात द्यावा लागे. त्यासाठीच्या सूतकताईचा आणि विणकामाचा मोठा भार बायकाच वाहत. नवरा मितावर गेला की शेत, गुरे, पोरे एकटीच्या गळ्यात पडत. कित्येकजणी नवऱ्यांसोबत पोतोसीला जात आणि बाजारात मक्याची चिचा ही दारू व खाद्यपदार्थ विकून घर चालवत. मूळनिवासी इतिवृत्तकार ग्वामान पोमा याने सुमारे १६१५ मध्ये पूर्ण केलेल्या सचित्र हस्तलिखितात एक पाद्री बाईकडून जबरदस्तीने कापड विणून घेताना दाखवला आहे. तो तिला काठीने मारतो आणि मजुरी देत नाही, असे चित्रावरच लिहिले आहे. खंडणीच्या यादीत या बायकांची गणती नव्हती, तरी खंडणी त्यांच्याच श्रमांवर उभी होती, हे ध्यानात ठेवूनच हे प्रकरण वाचावे. — संपादक