फाटक्या स्पीकरचा वारसा

बोईसरच्या वन-बीएचकेत इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी डिजिटल मॉडेलर ही मोठीच सोय. डब्याएवढ्या यंत्रात डझनावारी अँप्लिफायर मावतात आणि शेजारचेही सुखाने झोपतात. पण हेडफोन काढले, की प्रश्न येतो: हे यंत्र कुठल्या स्पीकरला जोडायचं? याचं उत्तर दुकानदारापेक्षा इतिहास जास्त चांगलं देतो.

आमच्या जिल्ह्यात जव्हार-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो. भोपळ्यात फुंकलेली हवा बांबूच्या नळ्यांतून सूर होऊन निघते आणि टोकाचा ताडाच्या पानांचा कर्णा तो सूर दूरवर पोचवतो. कर्णा काढलात तर तारपा अर्धाच उरेल. इलेक्ट्रिक गिटारचा कर्णा म्हणजे तिचा स्पीकर.

1960च्या आसपास इंग्लंडमध्ये व्हॉक्सच्या आणि पाठोपाठ मार्शलच्या अँपना सेलेशन कंपनीचे 12 इंची स्पीकर जोडले जाऊ लागले. साधारण 5,000 हर्ट्झच्या वर असल्या स्पीकरचा आवाज झपाट्याने पडतो. गाणी ऐकण्यासाठी हा दोषच. पण अँप ताणून वाजवला की जी कर्कश झिणझिण निघते, ती या दोषामुळेच गाळली जायची. 1964च्या ‘यू रिअली गॉट मी’साठी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. रॉकचा भरदार, खरखरीत आवाज म्हणून आपण जे ओळखतो, त्यात अशा अपुऱ्या, फाटक्या स्पीकरांचा मोठा वाटा आहे.

1998मध्ये लाइन सिक्स कंपनीचा राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड आला. त्यात अँपच्या जोडीने स्पीकरचीही नक्कल होती. पुढे ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ रुळला, म्हणजे खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा माइकने टिपलेला ठसा. थोडक्यात, मॉडेलरच्या पोटात जुना स्पीकर आधीच बसलेला असतो.

निवड इथेच ठरते. मॉडेलर गिटारच्या खऱ्या कॅबिनेटला जोडलात, तर गाळणी दोनदा लागते आणि आवाज गोधडीखाली दबल्यासारखा येतो. तिथे मॉडेलरमधली कॅबिनेटची नक्कल बंद करायची. उलट, हळदी-मिरवणुकीत बेंजोला जोडतात तसल्या कर्ण्याच्या स्पीकरवर ती चालूच हवी. बेंजोला गर्दी कापणारा तीक्ष्ण आवाज लागतो, म्हणून त्याला ते स्पीकर शोभतात. गिटारचं डिस्टॉर्शन तिथे न गाळता सोडलंत, तर माश्या घोंगावल्यासारखं ऐकू येतं.

आणखी एक मेख आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी रात्री मन लावून जमवलेला टोन मंडपात मोठ्याने वाजवला, की अंगावर येतो. टोन शेवटी कार्यक्रमाच्या आवाजातच पारखावा.

मी घरासाठी 8 इंची स्टुडिओ मॉनिटरची जोडी निवडली. तिची स्वतःची चव जवळजवळ नाही, आणि मला तेच हवं होतं. पण पाठीमागच्या कॅबिनेटमधून पोटरीला लागणारा हवेचा धक्का ती देत नाही. तो हवासा वाटला, की मी मित्राचं कॅबिनेट मागून आणतो, नक्कल बंद करतो आणि साठ वर्षांपूर्वीचा तो दोष जसाच्या तसा ऐकतो.