धनुष्याची दोरी

युद्धाचा इतिहास धनुष्याचे गोडवे गातो. दोरीचे माप कोणी घेतले, हे विचारीत नाही. इंग्लंडची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ साली पोर्ट्समथजवळ बुडाली. तिच्यातून पुढे शंभरावर अखंड धनुष्ये निघाली, सहा फुटांहून उंच. वाखाच्या दोऱ्या मात्र कुजून गेल्या होत्या. तेथे धंद्यांच्या वाटण्या जुन्या. लंडनच्या बाणकारांनी १३७१ सालीच अर्ज करून धनुष्यकारांपासून आपला धंदा वेगळा करून घेतला. (आम्हां संघटनेच्या माणसांना असे अर्ज वाचताना उगीच आपलेपणा वाटतो.)

दोरीचे माप कारागीर हातावरच काढी. धनुष्याच्या पोटाशी मूठ टेकून अंगठा ताठ उभा करावा; चढवलेली दोरी त्याच्या टोकाला लागली पाहिजे. हे अंतर सहा-सात इंच. त्यासाठी सहा फुटी धनुष्याची दोरी दोन खाचांमधल्या लांबीहून दोन-तीन इंच आखूड लागते. हिशेब मोठा नाजूक! दोरी आणखी इंचभर आखडली, की हे अंतर जवळजवळ दोन इंचांनी वाढते आणि लाकडावर भलता ताण येतो. सैल राहिली, तर सुटताना ती तिरंदाजाचे मनगट सोलते. म्हणून वरच्या टोकाला कायमचा फास आणि खाली सोडून पुन्हा बांधता येईल अशी गाठ. राहिलेला फरक दोरीला पीळ देऊन भरून काढायचा.